तुमची चूक तुमचीच राहू द्या, आपा

आपा, तुम्हाला जाऊन आठवडाही झाला नाही, आणि तुम्ही आयुष्यात कधी चुकलाच नव्हतात असं गावात ठरूनसुद्धा गेलं. बसस्टँडसमोर तुमचा फ्लेक्स लागलाय. त्यात तुम्ही इतक्या गोऱ्या दिसताय की निलोफर म्हणाली, "अम्मी, ही कोण?" तुमच्या नाकावरचा चामखीळ पुसून टाकलाय त्यांनी. चामखीळ गेला तेव्हा मी गप्प बसले. पुढं जे पुसायला निघाले, तेव्हा मात्र मला उठावं लागलं.

हे तुम्हाला सांगायलाच लिहितेय. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी याबद्दल भांडायची मला सवय नाही.

आपली ओळख झाली ती भांडणातूनच. लॉकडाऊन उठून शाळा सुरू झाल्या होत्या आणि मोहल्ल्यातल्या निम्म्या मुली घरातच राहिल्या होत्या. कुणी शिवणकामाला बसली होती, कुणाचं लग्न ठरलं होतं, कुणी नुसतीच धाकटी भावंडं सांभाळत होती. तुम्ही नगरसेविका, मुलींच्या शाळेच्या अध्यक्षा. पण त्या दिवसांत तुम्ही कुणाच्याही दारात वसुलीवाल्यासारख्या उभ्या राहायचा. आमचा गादी कारखाना. माझा नवरा रफिक म्हणाला, "आपा, पोरीला आता दुकानात घेतलंय, उशा भरायला मदत होते." तुम्ही काही न बोलता आत आलात आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर बसलात. चांगल्या इस्त्रीच्या साडीसकट.

"पोरगी दप्तर घिऊन भाईर यील तवाच मी उठणार," म्हणालात.

रफिकला हसू आलं, मला राग आला. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं, तुम्ही ढिगावर बसून सुपारी कातरत होता. आपण घरात दखनी उर्दू बोलायचो, पण तुम्ही हट्टाला पेटलात की मराठीवर यायचा, तेही ठेठ गावाकडच्या. शेवटी निलोफरच आतून दप्तर घेऊन आली. तुम्ही उठलात तेव्हा केसांत, भुवयांत, सगळीकडं कापूस. तसंच तिचं बोट धरून रस्त्यानं चालायला लागलात.

म्हणजे माझी मुलगी त्या शाळेत होती ती तुमच्यामुळं. हे मी कधी विसरले नाही. कधी कृतज्ञतेनं आठवलं, कधी दात खाऊन.

शाळेची इमारत जुनी होती. दुमजली, आणि वरच्या मजल्याला रस्त्याच्या बाजूनं सज्जा. पावसाळ्यात मधल्या सुट्टीत मुली त्या सज्ज्याखाली उभ्या राहून डबे खायच्या, कारण अंगणात चिखल. त्या वर्षी सलग पाऊस लागला होता. कृष्णा दुथडी भरली होती, कराडच्या बाजूनं पुराच्या बातम्या येत होत्या, त्यामुळं गावाचं सगळं लक्ष नदीकडं. आणि भरदुपारी सज्जा खाली आला. बाकीच्या मुली नुसत्या खरचटण्यावर सुटल्या. निलोफर सातवीत होती. ती मैत्रिणीचं सांडलेलं लोणचं उचलायला खाली वाकली होती.

मिरजेच्या दवाखान्यात तिचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. एवढंच लिहिते. त्यापुढचं तुम्हाला माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी कल्पना करू नये.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही आलात. मी व्हरांड्यात बाकावर बसले होते. तुमच्या हातात ना फळं होती, ना फुलं. माझ्यासमोर उभ्या राहिलात आणि मराठीत सुरुवात केलीत, तेव्हाच मला कळलं की हे काहीतरी वेगळं आहे.

"शबाना, लोकास्नी सांगायच्या आधी तुला सांगाय आले हाय. मला म्हाईत हुतं."

"काय माहीत होतं?"

"सज्जा पडायला झालाय त्ये. उन्हाळ्यात एक इंजिनिअर पोरगं आणलं हुतं मी, गळती बघाय. त्यानं सांगितलं, वरचा मजला रिकामा करा, सज्ज्याखाली पोरी हुभ्या करू नका. मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत बघू."

"का?"

"शाळा बंद क्येली असती तर—" तुम्ही बोलता बोलता थांबलात. ओठ आवळलेत. मग म्हणालात, "का ते मागनं कवातरी. आज येवढंच. माझ्यामुळं झालं."

तुम्ही रडला नाहीत. रडला असतात तर मी तुम्हाला मारलं असतं. मी एवढंच म्हणाले, "बाहेर व्हा." तुम्ही मान हलवली, जिना उतरून गेलात. तुम्ही माफी मागितली नाहीत, हे मला नंतर, घरी आल्यावर लक्षात आलं. तेव्हा त्याचा संताप आला होता. आता वाटतं, तुम्ही मागितली असती तर मला नाही म्हणावं लागलं असतं, आणि तेवढंसुद्धा ओझं तुम्ही माझ्यावर टाकलं नाहीत.

इकडं गावात काय शिजत होतं ते रफिकनं फोनवर सांगितलं. आदल्या वर्षी शाळेच्या वरच्या मजल्याचं प्लास्टर केलं होतं दत्ता गवंड्यानं. त्यानं भिंती केल्या होत्या, सज्ज्याला हातही लावला नव्हता. पण पोलिसांनी चौकशीला बोलावलं ते त्याला. एकदा बोलावलं म्हटल्यावर गावाला आरोपी सापडला. मुली आमच्या, गवंडी त्यांचा, असं कुणीतरी बोललं. मोहल्ल्यातली पोरं दत्ताच्या दारासमोर जमायला लागली, मग त्याच्या गल्लीतली पोरं जमायला लागली. दत्ताच्या बायकोनं लेकरांना माहेरी पाठवून दिलं होतं.

आणि भाऊ. तुम्हाला तिकीट देणारे, गावातलं प्रत्येक भूमिपूजन करणारे आपले भाऊ. ते तुम्हाला काय म्हणाले ते तुम्हीच मला पुढं कधीतरी सांगितलंत. "आपा, दत्ताचं नाव निघालंय तर निघू द्या. मागनं आपणच सोडवू त्याला. तुमी फकस्त गप ऱ्हावा."

गप राहणं किती सोपं होतं! तो इंजिनिअर पुण्याला नोकरीला गेला होता. त्याचं बोलणं ऐकणाऱ्या तुम्ही एकट्या. तुम्ही तोंड उघडलं नसतं तर आजसुद्धा कुणाला कळलं नसतं.

भाऊंनी चौकात सभा घेतली, लोकांना शांत करायला म्हणून. मी दवाखान्यात होते. माझ्या जावेनं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मी नंतर इतक्या वेळा बघितलाय की मला त्यातला आवाज पाठ झालाय. भाऊ बोलले: दोषींना सोडणार नाही, कुणाची गय करणार नाही. लोकांनी दत्ताच्या नावानं ओरडायला सुरुवात केली. मग तुम्ही माइकपाशी आलात.

"दत्ताचा ह्यात काय संबंध न्हाई. त्याला सोडा. मला इंजिनिअरनं सांगितलं हुतं सज्जा धोक्याचा हाय. मी ऐकलं न्हाई. ह्यो निर्णय माझा. रफिकभाईच्या पोरीचा पाय माझ्या निर्णयानं गेला."

त्या व्हिडिओत इथं नुसता पाऊस ऐकू येतो, ताडपत्रीवर पडणारा. मग भाऊंचा हात माइकवर येताना दिसतो. "आपा भावनेच्या भरात—" असं काहीतरी ते बोलायला लागतात.

"हात काढा भाऊ. माझं बोलून व्हायचं हाय."

आणि तुम्ही परत बोललात, सगळं पहिल्यापासून. कुठल्या महिन्यात तो पोरगा आला, काय म्हणाला, तुम्ही काय उत्तर दिलंत. एकदाही "पण" म्हणाला नाहीत. माझ्या जावेचा हात हलतो, म्हणून चित्र हलतं. पण पुढच्या रांगेतल्या बायका दिसतात. तुमच्याच बायका. ज्यांच्या रेशनकार्डासाठी तुम्ही तहसीलला खेटे घातलेत, ज्यांच्या मुली तुम्ही शाळेत ओढून आणल्यात. त्यातली एक उठते, पदर सावरते आणि पाठ फिरवून चालायला लागते. मग दुसरी. मग ओळच्या ओळ. कुणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. तुम्ही रिकाम्या सतरंजीकडं बघत शेवटपर्यंत बोलत राहिलात.

दत्ताच्या दारातली पोरं त्या संध्याकाळी घरी गेली. त्या रात्री गावात काहीच झालं नाही. जे झालंच नाही त्याचं श्रेय कुणी देत नाही, म्हणून मी देतेय.

त्यानंतर तुमचं सगळं गेलं. शाळेचं अध्यक्षपद, पक्ष, घरी येणारी माणसं. केस झाली. वकील म्हणाला, "चौकात बोललात ते बोललात, कोर्टात म्हणा धक्क्यात होते." तुम्ही त्याला चहा पाजलात आणि वकील बदललात. कराडच्या कोर्टाच्या तारखांना तुम्ही एसटीनं एकट्या जायचा. मी दुकानातून तुम्हाला स्टँडवर उभ्या बघायचे. केस अजून चालूच आहे. आता आरोपीच नाही म्हटल्यावर ती मिटवतील. तुम्हाला निकाल हवा होता, हे मला माहीत आहे. तो तुम्हाला मिळाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. हे वाक्य मी लिहीन असं मला त्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं.

तुम्ही आमच्याकडं पुन्हा यायला लागलात ते निलोफरनं बोलावलं म्हणून. मी बोलावलं नव्हतं. तिनं बापाच्या फोनवरून तुम्हाला फोन केला. तुम्ही आलात, उंबऱ्यातच उभ्या. मी शिलाई मशीन चालवत राहिले. तिनं तुम्हाला पलंगावर शेजारी बसवलं आणि सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, तर मग का नाही ऐकलं?"

मला वाटलं, आता तुम्ही वर बघाल, अल्लाची मर्जी म्हणाल. मोहल्ल्यातलं प्रत्येक माणूस येऊन तेच म्हणून गेलं होतं. तुम्ही तिच्या तोंडाकडं बघितलंत.

"भीती वाटली गं. शाळा बंद पडली की तुमी पोरी परत येणार न्हाईसा, ही भीती. आन् दुसरं म्हंजे, त्यो इंजिनिअर लय बारका दिसत हुता. मला वाटलं, ह्याला काय कळतंय. मी इतकी वर्सं शाळा चालवत्ये. माज हुता माझ्यात."

निलोफर म्हणाली, "दुसरं आधी सांगायचं."

तुम्ही हसलात. रडत रडत हसलात, पहिल्यांदाच. आणि माझी मशीन थांबली.

तेव्हापासून तुम्ही येत राहिलात. मी कितीतरी महिने तुम्हाला चहा विचारला नाही, निलोफर करायची. तिनं नव्या पायावर चालायचा सराव केला तो तुमच्याशी वाद घालत. तुम्ही म्हणायचा सावकाश, ती म्हणायची तुम्ही बोलू नका. ती पुन्हा शाळेत गेली. शाळा तोवर शादीखान्यात भरत होती, लग्नाच्या तारखांना सुट्टी देऊन. आता ती अकरावीला आहे, कराडला, सायन्सला. तिच्याबरोबरच्या पाचसात जणी मात्र त्या पावसाळ्यानंतर परत आल्याच नाहीत. त्यातल्या एकीचं मूल मी परवा दुकानात खेळवलं.

म्हणून मी एकदा तुम्हाला म्हणाले होते, आठवतं? "आपा, तुमची भीती खोटी नव्हती." मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही भडकलात.

"मला त्यातनं सोडवू नगंस शबाना. भीती खरी आसंल. इंजिनिअर बी खरा हुता. दोन्ही खरं असताना मी जे मला सोयीचं त्ये धरलं. कारण सांगत बसलं की माणूस हळूहळू सुटतोच. मला सुटायचं न्हाई."

यावर आपलं भांडण पेटलं आणि ते शेवटपर्यंत विझलं नाही. मला सारखं वाटायचं, ही बाई स्वतःला इतकी वर्षं कोपऱ्यात उभी करून ठेवतेय, याचा कुणाला काय उपयोग? या वेळी निवडणुका लागल्या तेव्हा त्याच बायका, सतरंजीवरून उठून गेलेल्या, तुमच्याकडं आल्या. म्हणाल्या, आपा, उभ्या राहा. तुम्ही दुकानात आलात माझ्याकडं.

"काय करू गं?"

"उभ्या राहा."

"तू म्हणत्येस? तू?"

"मीच म्हणतेय. तिथं बसलेल्यांत निदान एक माणूस असा असेल, की चुकलं तर सांगेल."

"चुकलं तर सांगणारी कशाला शोधतीस? चुकणार न्हाईत आशी शोध."

गिऱ्हाईक आलं. तुम्ही पिशवी उचलून निघून गेलात. मी दोन दिवस उत्तर जुळवत होते. उत्तर असं होतं, आपा: चुकणार नाहीत अशी माणसं नसतात. चुकलो नाही म्हणणारी असतात, ती सगळी त्या स्टेजवर बसलेली असतात, आणि तुम्ही त्यांना ती जागा रिकामी करून देताय. हे ऐकवायला मी तुमच्याकडं येणारच होते. त्याआधी सांगलीच्या दवाखान्यातून फोन आला, की तुम्ही गेलात. इतक्या वेळा मला तोंडघशी पाडलंत, आणि शेवटचा शब्दही तुमचाच राहिला.

आता शोकसभेचं सांगते.

त्याच चौकात झाली. स्टेजवर तेच. तुमच्या फोटोला हार, आणि भाऊंचं भाषण. आवाज कापरा करून बोलत होते. "आपांचं मन आभाळायेवढं. शाळेची दुर्घटना झाली तेव्हा चूक दुसऱ्याची होती, सगळ्या गावाला माहीत आहे. पण ह्या माउलीनं गावात शांतता राहावी म्हणून दुसऱ्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं. आपांनी आयुष्यात एक चूक केली नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, आपा. शोकसभेत टाळ्या. आणि मी बघितलं, मागं उभ्या असलेल्या दत्ता गवंड्यानं मान खाली घातली. दुसऱ्याची म्हणजे कुणाची, हे त्याला सगळ्यात आधी कळलं. तुम्ही गेल्या गेल्या त्यांनी ती चूक परत त्याच्या दारात नेऊन टाकली.

मी उठले. निलोफरनं माझा हात धरला. मला वाटलं अडवतेय, पण ती पण उठत होती. बायकांच्या बाजूनं स्टेजपर्यंत जायला वाट नव्हती, ती लोकांनी केली. भाऊ म्हणाले, "या शबानाभाभी, या, दोन शब्द." त्यांना वाटलं पाय गेलेल्या मुलीची आई दोन अश्रू ढाळेल. मी माइक हातात घेतला.

मी काय बोलले ते तुम्हाला जसंच्या तसं सांगते.

मी म्हणाले, "भाऊ खोटं बोलतात. आपांनी दुसऱ्याची चूक डोक्यावर घेतली नव्हती. ती त्यांचीच होती. माझ्या मुलीचा पाय आपांमुळं गेला. हे मला पोलिसांनी सांगितलं नाही, कोर्टानं सांगितलं नाही, ह्या स्टेजवरच्या कुणीही सांगितलं नाही. दवाखान्यात माझ्यासमोर उभं राहून आपांनी सांगितलं. मी त्यांना माफ केलेलं नाही. तरीसुद्धा ह्या गावात माझा विश्वास एकाच माणसावर होता, आणि ते माणूस आता गेलं. तुम्ही त्यांची चूक त्यांच्याकडून काढून घेतलीत तर त्यांचं उरतं काय? ह्या फ्लेक्सवरची गोरी बाई? तुमच्यात कुणी आहे का, ज्यानं आजवर एकदा तरी ह्या माइकवर सांगितलंय, की मी चुकलो? असेल तर त्यानं आपांबद्दल बोलावं. नसेल तर खाली बसावं."

भाऊंनी माइकवाल्याकडं बघितलं आणि माझा आवाज गेला. मग मागून दत्ता ओरडला, "व्हय! खरं हाय! माझं घर वाचलं त्ये आपा खरं बोलल्या म्हणून!" एवढंच. म्हातारा झालाय तो, धाप लागली त्याला. बायकांमधून कुणीतरी "आमीन" म्हणालं. कशाला म्हणालं, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा माणूस दुकानात. गोड बोलला. शाळेची नवी इमारत होतेय, भाऊंच्या निधीतून. तिला तुमचं नाव द्यायचं ठरलंय, दगडात कोरून: अमुक अमुक निष्कलंक नेतृत्व. तर मी फक्त एक छोटा व्हिडिओ करावा, की काल मी दुःखाच्या भरात बोलले, भान राहिलं नाही.

"भानावर होते," मी म्हणाले.

"भाभी, आवं आपांचीच बदनामी हुतीय ह्यात."

"त्यांची बदनामी त्यांनी स्वतः केलीय, माइक हातात घेऊन. तुमच्या परवानगीनं केली नव्हती. आणि तो 'निष्कलंक' शब्द दगडावर दिसला तर भाऊंना सांगा, दुसऱ्या दिवशी दिसणार नाही. दत्ताकडं छिन्नी आहे."

रफिक मधे पडला नाही. कापूस पिंजत राहिला, पण मशीनचा आवाज त्यानं मुद्दाम मोठा केला, त्या माणसाला पुढचं बोलता येऊ नये म्हणून.

तो गेल्यावर, खरं सांगते, मला भीती वाटली. निधी थांबवतील, शाळा परत शादीखान्यातच राहील, परत पोरी घरी बसतील. तुमची भीती माझ्या पोटात येऊन बसली. निलोफर कराडहून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. म्हटलं, माझं चुकलं का गं?

तिनं पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला, जेवायला बसली आणि म्हणाली, "चुकलं असेल तर सांगू तसं. पण ते खोटं कोरू द्यायचं नाही. नुसतं नाव कोरा म्हणावं, 'हमीदाआपा'. बाकीचं दगडावर मावणार नाही, ते आपण सांगू."

सांगतोय, आपा. विचारेल त्याला सांगतोय, आणि जो विचारणार नाही त्याला थांबवून सांगतोय.